चोक किती ओढायचा

मित्रा, आधी बॉनेट उघड. फोटो मग.
ही धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची फियाट,
त्र्याहत्तरची, रंग मुगाच्या वरणासारखा,
डोळे गोल, आत्ताच कोणी झोपेतून उठवल्यासारखे.
तू त्या डोळ्यांवर भाळलीस. ठीक आहे.
पण डोळ्यांमागे वायरी असतात
आणि वायरी उंदरांना आवडतात.

तुला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले,
लायसन्सवरचा फोटो अजून तुझ्यासारखा दिसतो.
हा चोक. डिसेंबरात पुरता ओढायचा,
पावसाळ्यात अर्धा,
मे महिन्यात हातही लावायचा नाही.
“अर्धा म्हणजे किती, मोठी माय?”
आता हे कसं सांगू?

अजनीच्या शेडमध्ये बापाच्या जागी लागले
तेव्हा मी तुझ्याएवढीच होते.
पाना हातात दिला आणि भोयर फिटर म्हणाले,
“जोर नोको लावू पोरी, कान लाव.”
एकतीस वर्षं कान लावला.
आता घरात टीव्हीचा आवाज मोठा ठेवते,
पण तुझी गाडी गल्लीत वळली
की तिसरा टॅपेट सैल आहे हे कळतं.

करंजाखाली लावू नको.
फुलं टपावर थांबत नाहीत, काचेखालच्या जाळीत शिरतात,
कुजतात, आणि जुलैत तुझ्या चपला गाडीत पोहतात.
बॅटरीत नळाचं पाणी नाही.
पॉइंटमधली फट पोस्टकार्डाएवढी.
पोस्टकार्ड तू पाहिलेलं नाहीस.
मग रोशनीच्या लग्नपत्रिकेएवढी...
नको, ती फार जाड होती.

आणि ऊन.
सेहेचाळीसला पेट्रोल पंपातच उकळतं,
गाडी भर चौकात उभी राहते,
मागचे हॉर्न देतात, पुढचे सल्ला देतात,
काहून बे, विकून टाक न हे भंगार.
तेव्हा उतरायचं.
कूलरच्या ताटीतला मूठभर वाळा ओला करून
पंपावर ठेवायचा, सावलीत दहा मिनिटं बसायचं.
या गावात मे महिन्यात
सगळ्यांचंच असं करावं लागतं.

तेवीस तारखेला तू एकटी गेलीस,
कॉलेजचा फॉर्म, खुर्चीवर विसरलेली टोपी.
दीडला फोन आला,
“बंद पडून रायली, लोहापुलाजवळ.”
मी पान्यांची पिशवी उचलली, ऑटो केला,
वाळ्याची ओली मूठ पदरात धरली,
मेडिकल चौक येईस्तोवर ती वाळून
नुसता वास उरला.

तू बॉनेट उघडून उभी होतीस.
ओढणी पंपावर, ओली, काळी झालेली,
उरलेलं पाणी तू पीत होतीस बाटलीतून.
दोन पोट्टे आणि एक हवालदार
तुला कार्बोरेटर समजावत होते.
तू बोट वर केलंस.
“थांबा न काका. ऐकू द्या.”

मग आत बसलीस. चोकला हात लावला नाहीस.
एकदा खोकली, दोनदा,
तिसऱ्यांदा लागली.
पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी रस्त्याच्या पलीकडे
पिशवी घेऊन उभी, रेल्वेच्या जुन्या सवयीने
घड्याळात वेळ पाहून ठेवली: दोन वाजून चार.

तू डावीकडचं दार आतून ढकललंस.
तुला ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलंही नाही,
इंजिनं मी उतरवली, जोडली, तपासून सोडली,
चालवायला दुसरेच बसले.
पुढच्या सीटवरून एवढं मोठं शहर
मी पहिल्यांदाच पाहत होते,
आणि तू गिअर टाकताना जीभ दातांत धरतेस
हेही.

कॉटन मार्केटच्या वळणावर तू एकदम हळू केलीस.
“मोठी माय, हा खुळखुळ आवाज कसला?”
मी डोळे मिटले, कान लावला.
टॅपेट नाही, बेअरिंग नाही,
सायलेन्सरचा पट्टाही नाही.

मांडीवरची पिशवी घट्ट धरली.
आवाज थांबला.